साडेपाचपर्यंत भूगोल विभागात

“मी आमच्या सरांच्या म्हशी धुतल्या आहेत, मॅडम!” डॉ. पडोळे हात वर करून म्हणाले आणि अख्खं सभागृह खदाखदा हसलं.

मग काय, चढाओढच लागली. एकानं गाईडच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस पंगती वाढल्या होत्या. एका बाईंनी आपल्या मॅडमच्या केसांना दर रविवारी मेंदी लावली होती, आणि मेंदी वाळेपर्यंतच्या वेळात प्रबंधाचं दुसरं प्रकरण तपासून घेतलं होतं. तिसऱ्यानं सरांच्या सासऱ्यांच्या तेरवीला आचारी शोधून आणला होता. मी विचारलं होतं, “तुम्ही पीएच.डी. करत असताना संशोधनाशी काडीचाही संबंध नसलेलं कोणतं काम तुम्हाला करावं लागलं?” मला वाटलं होतं, लोक माना खाली घालतील. हे तर बिल्ले मिरवावेत तसे सांगत सुटले.

“आणि आता तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना काय करायला लावता?” मी विचारलं.

“आमच्याकडे म्हशीच नाहीत ना, मॅडम!” पडोळे म्हणाले.

पुन्हा हशा. मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा आमच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात होते आणि संशोधन समितीवरही होते. सहा दिवसांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणत्याही गाईडला नवीन विद्यार्थी मिळणार नाही, असा नियम मी दोन वर्षं भांडून करून घेतला होता. मार्च महिन्यात पहिला वर्ग भरला. बेचाळीस गाईड आले, बहुतेक सगळे तोंड वाकडं करून. “म्हातारपणी कान टोचायला आणलं बाप्पा,” असं माझ्या पाठीमागे, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणत होते. मला त्याचं काही नव्हतं. माझी जीभ तिखट, डोकं गरम, आणि डांगरे मॅडमनं मनावर घेतलं की जग सरळ होतं अशी माझी पक्की समजूत.

डायरीची कल्पनाही माझीच. प्रत्येक गाईडनं रोज एक पान लिहायचं, आपल्या एका विद्यार्थ्याविषयी, अगदी खरं. विद्यार्थ्याचं नाव लिहायची गरज नाही. “आणि टाईप केलेलं मी घेणार नाही,” मी पहिल्याच दिवशी बजावलं. “स्वतःच्या अक्षरात हवं. उचलेगिरी केली की मला लगेच कळतं.”

“फार सुंदर कल्पना, मॅडम,” पहिल्या रांगेतून डॉ. विश्वंभर लांजेवार म्हणाले. “आपण लोक आत्मपरीक्षण करतच नाही.”

लांजेवार सर भूगोलाचे. अठ्ठावन्न वर्षांचे, गोरे, तोंडात सदा लवंग, आवाज साजूक तुपातला. त्यांच्या हाताखाली एकोणीस जण डॉक्टर झाले होते. कोणावर कधी ओरडले नाहीत. सगळ्यांना ‘बेटा’ म्हणायचे. बेचाळिसातला हाच एक माणूस शिकायला आलाय, असं मला वाटलं.

त्यांच्याबरोबर त्यांची विद्यार्थिनी यायची, पौर्णिमा शहारे. तिशीची असेल. सडपातळ, उन्हानं रापलेली, खांद्यावर सरांची बॅग. पहिल्या दिवशी सकाळी हजेरीच्या टेबलाशी येऊन तिनं मला विचारलं, “मॅडम, सरांची सही मी करू का?”

“काहून? सरांना हात नाहीत?”

“नाही, मला वाटलं नेहमीसारखं…” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी तिला झापलं, याचाच मला आनंद. ‘नेहमीसारखं’ या शब्दावर थांबावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून बी.ए.च्या उत्तरपत्रिका तपासत होती. त्या सरांच्या वाट्याच्या, हे मला दिसत होतं. मी विचारलं, “विषय काय गं तुझा?”

“विहिरी, मॅडम.” तिचा चेहरा एकदम उजळला. “एकशे बारा विहिरी. वर्षातून दोनदा प्रत्येकीची पाण्याची पातळी मोजते मी. सहा वर्षं झाली. काही काही विहिरींना तं मी नावानं ओळखते.”

“मग लिहून झालं?”

“लिहून झालं. सरांकडे आहे.” तिनं माझ्याकडे पाहिलं. आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात आतून हाक आली, “बेटा पौर्णिमा, चष्मा!” आणि ती पर्स उघडून सरांचा चष्मा काढत आत पळाली.

पाचव्या दिवशी दुपारी डायऱ्या जमा झाल्या. वाचायला बसले आणि डोकं उठलं. ‘विद्यार्थी हा राष्ट्राचा आधारस्तंभ होय’, ‘गुरुशिष्य परंपरा ही आपली थोर ठेव आहे’, असला सगळा चोथा. पडोळ्यांनी पाच दिवसांची पाच पानं एकाच बैठकीत लिहिली होती, शाईसुद्धा बदलली नव्हती. आणि मग लांजेवार सरांची वही हाती आली.

“मी खोलीत शिरलो की माझी विद्यार्थिनी उठून उभी राहते,” अशी सुरुवात होती. “सहा वर्षांत मी तिला एकदाही ‘बस’ म्हटलेलं नाही. तिचा प्रबंध माझ्या टेबलाच्या खालच्या खणात चौदा महिने पडून आहे. मी तो वाचलेला नाही. माझ्या नातवानं त्यावर रंगाचं पाणी सांडलं, ते तिनंच पुसलं. प्रबंधात चुका आहेत म्हणून सही करत नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ती गेली तर माझे तास कोण घेईल? माझ्या नावाचे लेख कोण लिहील? ती लिहून देते त्या प्रत्येक कागदावर मी न वाचता सही करतो. फक्त तिच्या प्रबंधावर करत नाही. एकतीस मार्चला तिच्या नोंदणीची मुदत संपते. माझी सही झाली नाही तर तिची सहा वर्षं आणि एकशे बारा विहिरी, सगळं रद्द होईल.”

अशी पाच पानं. शेवटची ओळ होती: “तिला कोणी विचारलं तर ती सगळं खरं सांगेल. ती रोज साडेपाचपर्यंत भूगोल विभागात असते.”

माझे डोळे भरून आले. देवा रे, माणूस बदलतो! पाच दिवसांत बदलतो! आणि शेवट तर काय सुंदर केला होता, साधा, कसलाही उपदेश नाही. मी घड्याळ पाहिलं, चहा अजून का आला नाही म्हणून. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. भूगोल विभाग आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की दोन मिनिटं.

मी कुलगुरूंना फोन लावला आणि म्हटलं, “साहेब, उद्या समारोपाला याच. तुम्हाला काहीतरी ऐकवायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. सभागृह भरलं होतं. गाईडांचे विद्यार्थीही मागच्या भिंतीपाशी उभे होते. कुलगुरू मधोमध, टेबलावर शाली आणि नारळ. मी माईक घेतला आणि म्हटलं, “पहिलं बक्षीस मिळवणारी डायरी मी आधी वाचते. नाव शेवटी सांगेन.”

पहिली दोन वाक्यं झाली. लांजेवार सर मान डोलवत होते, दुसऱ्याच्या चांगल्या लिखाणाला डोलवावी तशी. मग मी ‘टेबलाच्या खालच्या खणात’ असं वाचलं, आणि लवंग चघळणारा त्यांचा जबडा थांबला.

या माणसाला त्याच्या डायरीत काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं, सगळंच्या सगळं. मी मान वर करून मागच्या भिंतीकडे पाहिलं. पौर्णिमा सरांची बॅग छातीशी धरून उभी होती. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता, आणि ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. नको. नको.

मी थांबायला हवं होतं. ‘वही बदलली वाटतं’ असं काहीही बोलून थांबता आलं असतं. पण सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. कुलगुरूंनी चष्मा काढून हातात घेतला होता. तीस वर्षं शिकवलं मी, पण असं सभागृह कधी माझ्या मुठीत आलं नव्हतं. मी पुढे वाचत गेले. शेवटची ओळ तर छान दम घेऊन, सावकाश वाचली. मला आजही माझाच तो आवाज आठवला की किळस येते.

टाळ्या पडल्या. “कोण हे? कोणी लिहिलं?” कुलगुरू विचारत होते. मी नाव घेतलं नाही. घ्यावंच लागलं नाही. लांजेवार सर हळूच उठले, खिशातून घडीचा रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि हात जोडून म्हणाले, “मीच तो पापी, साहेब.”

लोक उभे राहिले हो! कुलगुरूंनी त्यांना मिठी मारली. पडोळे डोळे पुसत होते. शाल मी उलगडून दिली, नारळ मी पुढे केला, माझ्या या हातांनी.

“मग आता सही कधी करता?” कुलगुरूंनी हसत विचारलं.

“सोमवारी सकाळी, साहेब. पहिलं काम तेच. सगळ्यांसमोर शब्द देतो.”

पुन्हा टाळ्या. मी स्वतःला समजावलं, बरंच झालं. आता बांधला गेला. चोराच्याच हातात किल्ली दिली आणि आता चोरी होणार नाही म्हणून निश्चिंत झाले.

समारंभानंतर पौर्णिमानं मला व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, तुम्ही वाचून काहून दाखवलं?”

“अगं, पण त्यांनी शब्द दिलाय ना! सोमवारी सही होतेय तुझी.”

“मी तुमच्यासाठी लिहिलं होतं ते. तुम्ही समितीवर आहात. सरांना कळायच्या आत तुम्ही माझा अर्ज लावला असता, गाईड बदलून मिळाला असता. काल मी सात वाजेपर्यंत थांबले विभागात. म्हटलं, मॅडमना उशीर झाला असेल.”

“पण मला काय माहीत, तू लिहिलंस म्हणून!”

“स्वतःच्या अक्षरात लिहा, असं तुम्हीच म्हणाल्या होत्या ना.” तिचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. “मला वाटलं, तुम्ही अक्षर बघाल. हजेरीपटावर सरांचं अक्षर होतंच की तुमच्याजवळ.”

मी काही बोलायच्या आत लांजेवार सर आले. खांद्यावर शाल तशीच. माझ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले. मग नारळ पौर्णिमाच्या हातात दिला.

“हे धर बेटा. चल, काकूंना देऊ, चटणी करतील.” दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, “अक्षर फार सुंदर आहे हो तुझं.”

एका हातात बॅग, एका हातात नारळ घेऊन ती त्यांच्या मागे गेली. मी बघत राहिले.

रविवारी मी बेचाळीस डायऱ्या आणि हजेरीपट समोर घेऊन बसले. एकोणीस डायऱ्यांतलं अक्षर सहीशी जुळत नव्हतं. एकोणीस! विद्यार्थ्यांशी कसं वागावं हे शिकायच्या वर्गाचा गृहपाठ या लोकांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतला होता. आणि मला उचलेगिरी लगेच कळते! उठून तोंड धुवून आले.

सोमवारी सकाळी साडेदहाला भूगोल विभागात गेले. लांजेवारांच्या खोलीला कुलूप. पौर्णिमा दाराशी उभी होती. शिपाई नामदेवभाऊ स्टुलावरून उठत म्हणाले, “सर तं गेले ना जी, काशीले. जोडीनं गेले, काल रात्रीच्या गाडीनं. पंधरा दिवसांची रजा टाकली.”

“आणि खोलीची चाबी?”

“चाबी त्याहीच्याजवळच राहते जी.”

प्रबंध आत, खालच्या खणात. मुदतीला आठ दिवस.

मी तडक कुलगुरूंकडे गेले. म्हटलं, “साहेब, मुलीला गाईड बदलून द्या, निदान मुदतवाढ तरी द्या. लांजेवार पळून गेले आहेत.”

“पळून? मॅडम, यात्रेला गेलेत. अहो, भरसभेत इतकं प्रांजळपणे बोलणारा माणूस! आल्यावर करतील सही. आत्ता त्यांच्या पाठीमागे गाईड बदलला तर त्यांचा अपमान नाही का?”

“ती डायरी त्यांनी लिहिलेली नाही, साहेब. मुलीनं लिहिली आहे.”

कुलगुरूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “पहिलं बक्षीस तुम्हीच दिलंत ना? वाचलीत तुम्हीच. वर्गाचा अहवाल फोटोसकट वर गेलाय. आता हे बोलू नका, तुमचंच हसं होईल.”

एकतीस मार्चला संध्याकाळी नोंदणी रद्द झाली. लांजेवार आठ एप्रिलला परतले. आल्याआल्या त्यांनी सही केलीसुद्धा, खास फाउंटन पेननं, आठवड्यापूर्वी मेलेल्या प्रबंधावर. “माझ्याकडून शब्द पाळला गेला,” म्हणाले. गंगाजलाची एक कुपी मला पाठवून दिली. ती मी बेसिनमध्ये ओतली.

पौर्णिमाला पुढे भूजल मोजणाऱ्या कचेरीत कंत्राटी काम मिळालं. त्याच विहिरी, तीच टेप. मी अधूनमधून फोन करत राहिले. तिनं कधी ‘करू नका’ म्हटलं नाही, एवढाच तिचा मोठेपणा.

आणि प्रशिक्षणाचा वर्ग? तो जोरात चालू राहिला. त्याची पुस्तिका निघाली. पान एक्केचाळीसवर ‘एका मार्गदर्शकाचं आत्मनिवेदन’, खाली डॉ. विश्वंभर लांजेवार. निवृत्तीनंतर ते या वर्गाचे ठरलेले वक्ते झाले. दर वर्षी ते पान वाचतात, त्याच जागी रुमाल काढतात. हे सगळं मला माहीत होतं. मी फक्त जात नव्हते.

यंदा जानेवारीत मला बोलावलं, वर्गाची जन्मदात्री म्हणून. का गेले कोण जाणे. लांजेवार सत्तरीचे झाले आहेत, लवंग तशीच. त्यांनी पान एक्केचाळीस वाचलं, रुमाल काढला, टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक तरुण बाई उठल्या. नव्यानंच गाईड झालेल्या, भूगोलाच्याच, नाव डॉ. अश्लेषा कोहळे.

“सर, त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं?”

बारा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! लांजेवार हसले. “चांगल्या जागी आहे, बेटा. डांगरे मॅडमना विचारा ना, त्या साक्षीदार आहेत.”

मी उठले. “तिचं नाव पौर्णिमा शहारे,” मी म्हटलं. “ही डायरी तिनं लिहिलेली आहे, या सरांनी नाही. सरांनी मुदतीत सही केली नाही. तिची पीएच.डी. बुडाली. आणि मी त्या दिवशी हे सगळं कळूनही वाचत राहिले, टाळ्यांच्या मोहानं.”

लांजेवारांनी रुमाल उलगडला, पुन्हा डोळ्यांना लावला आणि हात जोडले.

“मॅडम खरं बोलल्या. आज हेही मी सर्वांसमोर कबूल करतो.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधी एकानं, मग दहांनी, मग सगळ्यांनी. दोघे-तिघे तर उभे राहिले. पर्स उचलून मी बाहेर पडले आणि व्हरांड्यातूनच पौर्णिमाला फोन लावला.

“सांगितलं मी आज. सगळ्यांसमोर. तुझ्या नावासकट.”

“मग? काय म्हणाले लोक?”

“टाळ्या वाजवल्या.”

“सरांसाठी का?”

“हो.”

“असं.” मग तिनं विचारलं, “पण मॅडम, विषय निघालाच कसा?”

मी अश्लेषा कोहळेचं सांगितलं. तिनं प्रश्न काय विचारला, तो पौर्णिमानं माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

“गाईड आहे ती? भूगोलाची?”

“हो. नवीनच आहे. अजून एकही विद्यार्थी नाही तिच्याकडे.”

“माझ्या विहिरींना आता अठरा वर्षं झाली, मॅडम. सगळ्या नोंदी माझ्याजवळ आहेत.” ती अडखळली. “तिला सांगा ना, मी साडेपाचपर्यंत ऑफिसात असते.”

मी घड्याळ पाहिलं. पाचला दहा कमी होते. सभागृहात अजून चहापान चालू होतं. मी आत गेले, डॉ. कोहळेच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “चला. आत्ता. मी येते बरोबर.”

फाटकाशी येऊन मी रिक्षा थांबवली.